वीर यशवंत घाडगे

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, तरी आपले हुलसूर व सारा बिदर जिल्हा निजामाच्याच अमलाखाली राहिला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना हैदराबाद संस्थानात शिरली आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. त्या सैन्यातील बहुतेक जवानांनी आपली गावे पूर्वी पाहिलीही नव्हती. अनोळखी लोकांसाठी प्राण पणास लावणे म्हणजे काय, हे ज्यांच्या चरित्रावरून उमगते, अशा एका मराठी वीराचे पुण्यस्मरण आम्ही येथे करीत आहोत.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, पळसगाव येथे झाला. पुढे ते मराठा पलटणीत दाखल होऊन नाईक झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांची पलटण इटलीत जर्मन फौजांशी झुंजत होती.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा भडिमार झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. यशवंतरावांनी क्षणाचाही विलंब न लावता एकट्याने चाल केली. हातबॉम्ब फेकून मशीनगन बंद पाडली व एका शत्रूस गोळीने टिपले. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरण्यास उसंत नव्हती. तेव्हा ती नळीकडून धरून तिच्या दस्त्याच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना लोळविले. इतक्यात दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांना लागल्या व तेथेच त्यांना वीरमरण आले. वय अवघे बावीस वर्षांचे! मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले.

ज्या सरकारच्या सैन्यात ते लढले, तेच सरकार त्यांच्या मायभूमीवर राज्य करीत होते. परतंत्र देशाचा हा पुत्र दुसऱ्यांच्या मुक्ततेसाठी धारातीर्थी पडला. स्वतःच्या देशाचे स्वातंत्र्य पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. इटलीतील लोक मात्र त्याला विसरले नाहीत. २०२३ साली तेथील मोंतोने गावी त्यांच्या नावाने सूर्यघटीचे स्मारक उभारण्यात आले. माणगावातही त्यांचा पुतळा आहे.

इटलीतील एक गाव सुमारे ऐंशी वर्षांनीही ऋण स्मरते. मग १७ सप्टेंबरला तिरंग्याला वंदन करताना, आपल्या मुक्ततेसाठी आलेल्या त्या अनामिक जवानांस आपण कसे विसरावे? त्यांचे ऋण फेडणे अशक्य. पण मिळालेले स्वातंत्र्य जपणे आपल्या हाती आहे.