शापूरजी सकलातवाला : खासदार, कम्युनिस्ट आणि पाच मुलांचे वडील



ब्रिटनच्या संसदेतले भारतीय खासदार म्हटलं की मुलं लगेच दादाभाई नौरोजींचं नाव सांगतात. ते १८९२ साली निवडून आले. त्यांच्यानंतर १८९५ मध्ये मंचरजी भावनगरी निवडून आले आणि १९२२ मध्ये शापूरजी सकलातवाला. तिघेही पारशी, पण पक्ष तिघांचे तीन. यातल्या तिसऱ्यांची गोष्ट आज सांगते. त्यांच्यावर राजकारणाच्या अंगाने बरंच लिहिलं गेलंय. मला मात्र त्यांच्याकडे बाप म्हणून बघावंसं वाटतं.

शापूरजींचा जन्म २८ मार्च १८७४ रोजी मुंबईत झाला. आई जेरबाई या जमशेटजी टाटांच्या बहीण. म्हणजे टाटा हे त्यांचे सख्खे मामा. घरात कशाची कमी नव्हती. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये झालं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा लस तयार करणाऱ्या डॉ. हाफकिन यांच्यासोबत त्यांनी काम केलं. प्लेगच्या दिवसांत गरिबांच्या वस्त्या कशा असतात ते या बंगल्यातल्या मुलाने जवळून पाहिलं. पुढच्या सगळ्या आयुष्याचं बी तिथेच पेरलं गेलं असावं, असं मला वाटतं. नंतर मामांच्या पोलाद कारखान्यासाठी लोखंडाच्या खाणी शोधायला ते रानोमाळ हिंडले. आपल्या चांदा जिल्ह्यातही (आताचं चंद्रपूर) हा शोध चालला होता. या भटकंतीत मलेरियाने त्यांना गाठलं.

तब्येत सुधारावी आणि कंपनीचं कामही व्हावं म्हणून १९०५ मध्ये त्यांना इंग्लंडला पाठवलं. मॅटलॉक या गावी एका आरोग्यधामात ते उपचार घेत होते. तिथे जेवण वाढण्याचं काम करणारी सॅली मार्श नावाची कष्टकरी घरातली मुलगी त्यांना भेटली. १९०७ मध्ये दोघांनी लग्न केलं. शापूरजी तिला सेहरी म्हणत. टाटांचा भाचा आणि वाढपी मुलगी! त्या काळात हे किती धाडसाचं होतं, विचार करा. त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. धाकट्या मुलीचं नावही सेहरीच ठेवलं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पारशी समाजात बाहेरच्या माणसाला धर्मात घेण्यावरून तेव्हा मोठा वाद चालू होता. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. त्यात, वडील पारशी आणि आई परकी असेल तर रीतसर धर्मात घेतलेली मुलं पारशी मानली गेली. म्हणजे शापूरजींच्या मुलांसाठी दार उघडं होतं, पण आपोआप आत जाता येणार नव्हतं. बापाने हात धरून न्यायला हवं होतं.

इकडे राजकारणात ते डावीकडे सरकत गेले. १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात आले. १९२२ मध्ये बॅटरसी नॉर्थमधून निवडून आले, पुढच्या वर्षी हरले, १९२४ मध्ये पुन्हा जिंकले. टाटांची नोकरी १९२५ मध्ये सोडली. मे १९२६ मध्ये कामगारांच्या सार्वत्रिक संपाच्या वेळी हाइड पार्कमधल्या भाषणावरून त्यांना अटक झाली. चांगल्या वर्तणुकीची हमी देऊन सुटता आलं असतं. ती दिली नाही आणि दोन महिन्यांची शिक्षा भोगली. घरी पाच मुलं आणि बायको. ही बाजू चरित्रांमध्ये एका ओळीत उरकली जाते, पण ते दोन महिने सेहरीबाईंनी कसे काढले असतील?

जानेवारी १९२७ मध्ये ते भारतात आले, ठिकठिकाणी सभा घेतल्या, गांधीजींशी वादही घातला. परत गेल्यावर त्याच वर्षी सरकारने त्यांचा भारतात यायचा रस्ता बंद केला. जन्मगाव त्यांना पुन्हा दिसलं नाही.

याच वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये पाचही मुलांची नवजोत केली. नवजोत म्हणजे मुलाला धर्मात घेण्याचा विधी. आपल्याकडच्या मुंजीशी ताडून पाहिलं तर वर्गात पटकन समजतं, फक्त इथे मुलींचीही होते. मुलाला पांढरा सदरा घालतात आणि लोकरीच्या ७२ धाग्यांची कस्ती कमरेला तीन वेढे देऊन बांधतात. एरवी हा विधी लहान वयात होतो.

धर्म न मानणाऱ्या पक्षाचा हा खासदार. बरं, घरात चार माणसांत गुपचूप उरकता आलं असतं. पण हॉल घेतला, तोही वेस्टमिन्स्टरमध्ये, संसदेच्या जवळच. पक्षाने त्यांच्यावर जाहीर ठपका ठेवला. काहींना यात विसंगती दिसते. मला नाही दिसत. गरिबांसाठी मामांच्या कंपनीतली नोकरी सोडणारा माणूस मुलांना त्यांच्या आज्या-पणज्यांचं काहीतरी देऊ पाहत होता, आणि त्यासाठी पक्षाचे बोल ऐकायची त्याची तयारी होती. त्यांनी पक्षही सोडला नाही, विधीबद्दल माघारही घेतली नाही.

१९२९ मध्ये खासदारकी गेली, तरी सभा चालूच राहिल्या. १६ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. अस्थी ब्रुकवूडच्या पारशी दफनभूमीत ठेवल्या. मामा जमशेटजीही तिथेच विसावलेत.

धाकट्या सेहरीने पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं. ते १९९१ मध्ये आलं. नाव 'द फिफ्थ कमांडमेंट', म्हणजे पाचवी आज्ञा. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी ही आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते. नवजोत झालेल्या मुलीने पारशी वडिलांच्या चरित्राला आईच्या धर्मग्रंथातून नाव दिलं.