कीर्तनकाराचे चिरंजीव : गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर

गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर हे आम्हां कीर्तनकारांच्याच घरातले. दि. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडास त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तन करीत. घरचा सूर हरिकथेचाच. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी मंदावली, शाळा सुटली. पुस्तक गेले पण कान राहिले! मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी राहून त्यांनी विद्या संपादिली.

तेथे संस्थानाचा आश्रय होता, कसली ददात नव्हती. पण एका समारंभास थोरामोठ्यांना बोलावणे गेले आणि गुरुजींना गेले नाही, हे त्यांच्या मनाला फार लागले, असे सांगतात. गाणे हवे, पण गवई पंक्तीला नको, अशी तेव्हाची रीत. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

पुढे दि. ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर जलसे आणि लोकवर्गणी यांवर ते चालविले. स्वरलिपीची पुस्तके छापली. घराण्याबाहेरची मुले शिकली, बायामाणसेही शिकली. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली.

मंडळी, मोठ्या कार्याला मोठा खर्च. मुंबईची इमारत कर्जात बुडाली आणि लिलावात गेली. घरात तर एकामागून एक मुले गेली, दत्तात्रेय तेवढे उरले. दुसरा कोणी खचला असता. बुवांनी नाशिकास रामनामाचा आधार घेतला. आज घरोघर म्हणतात त्या रामधुनीच्या चालीचे श्रेय त्यांनाच देतात. दि. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेवला, तेव्हा दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. पुढे तेही थोर गवई झाले. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास हे बुवांचेच शिष्य. इमारत गेली, पण विद्या लिलावात निघत नाही.

आमच्या महाड-पोलादपूर भागात गावोगाव सप्ताह बसतात. बाहेरगावचा गवई येतो, रात्रभर अभंगाला रंग भरतो. पहाटे बिदागीची घासाघीस मात्र कोठे कोठे अजून होते. असे करू नये. गवयाला, पखवाजवाल्याला आपल्या शेजारी पाट मांडावा, पहिले पान त्यांना वाढावे. बुवांनी जन्मभर मागितले ते एवढेच. विठ्ठलाच्या दारी गाणारा हा आश्रित नव्हे, तो आपल्या दिंडीतलाच आहे.

रामकृष्ण हरि.