घरघर थांबवणारा माणूस

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागलं, कात्रज आणि खेड-शिवापूर मागे पडलं, की कापूरहोळचा फाटा येतो. उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर-सासवड. शंभूराजांची दूधआई धाराऊ हिचं हे गाव. लहानपणी दिवाळीच्या सुटीत आम्ही इथं नातलगांकडे जात असू. त्या घरात चावीचा फोनो होता. जड लाकडी पेटी, तिच्यावर घडी घातलेलं घोंगडं आणि घोंगड्यावर फोनो. बालगंधर्वांची तबकडी लागली, की माजघरात कुणी धावायचं नाही, जातंही फिरवायचं नाही. का, म्हणून विचारलं तर सुईला सगळं ऐकू येतं, एवढंच उत्तर मिळे.

हे उत्तर किती खरं होतं, ते एल्ड्रिज जॉन्सनचं चरित्र वाचताना कळलं.

जॉन्सनचा जन्म 1867 सालचा, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातला. दोन वर्षांचा असताना आई गेली आणि मावशीच्या घरी, शेतावर तो वाढला. पोराला पुढं शिकायची हौस होती. पण पंधराव्या वर्षी शाळा संपली तेव्हा तिथल्या मुख्याध्यापकानं त्याला सांगून टाकलं, की तुझं डोकं कॉलेजचं नाही, एखादा धंदा शिक. जॉन्सन फिलाडेल्फियातल्या एका यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. हा घाव त्याच्या मनातून कधी गेला नसावा. पुढं नदीपलीकडच्या कॅम्डेन गावी त्यानं नोकरी केली, मग भागीदारी, आणि 1894 मध्ये तो छोटा कारखाना त्याच्या मालकीचा झाला.

1896 साली त्याच्याकडे एक विचित्र यंत्र आलं. एमिल बर्लिनर यांचा तो ग्रामोफोन. त्याची तबकडी हातानं फिरवावी लागे. हात जरा जोरात फिरला की गाणारा चढ्या पट्टीत जाई, मंदावला की खाली घसरे. त्याचा आवाज जॉन्सनला घसा बसलेल्या, पडसं झालेल्या पोपटासारखा वाटला. तरीही तो त्या यंत्राच्या प्रेमात पडला. त्याला घड्याळासारखी कमान बसवायची, असं काम होतं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण कमानीचा जोर सुरुवातीला जास्त असतो, उलगडत जाते तसा कमी होतो. शिवाय दातेरी चाकं घरघरतात. आणि खरी मेख सुईत आहे. तबकडीच्या खाचेतली नागमोड सुईला हलवते आणि त्या हलण्याचाच आवाज होतो. आता खालची मोटर थरथरली तर तीही सुईला हलवणारच. ही थरथर कुठली आणि गाणं कुठलं, हा भेद सुईला करता येत नाही. म्हणजे मोटर नुसती फिरून भागत नाही, ती आहे हे कळताच कामा नये!

जॉन्सननं नेमकं तेच साधलं. वाफेच्या इंजिनात वेग आवरणारी जी युक्ती असते, ती त्यानं लहान रूपात घेतली. पातळ पट्ट्यांवर बसवलेली वजनं दांड्याभोवती फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि मऊ गादीला घासून वेगाला लगाम बसतो. वेग ओसरला की लगाम सुटतो. बर्लिनर यांच्या कंपनीनं त्याच्याकडून अशा मोटरी घेतल्या. 1899 साली फ्रान्सिस बरॉ या चित्रकारानं कर्ण्यापुढं बसलेला कुत्रा रंगवला. तो कुत्रा आपण सगळे ओळखतो. त्याच्यासमोरचं यंत्र जॉन्सनचं आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

मग संकट आलं. 1900 मध्ये कोर्टकज्ज्यांमुळं बर्लिनर यांची अमेरिकेतली विक्रीच बंद पडली. जॉन्सननं याच गिऱ्हाइकाच्या भरवशावर कारखाना वाढवला होता. माल पडून, देणी डोक्यावर. हात टेकण्याऐवजी तो स्वतःच विक्रीत उतरला, तोही खटल्यात ओढला गेला आणि त्यातून तरून निघाला. 1901 साली त्यानं व्हिक्टर कंपनी काढली. 1906 साली कर्णा कपाटात लपवणारा व्हिक्ट्रोला आला आणि यंत्र दिवाणखान्यातलं सामान झालं.

यश अफाट मिळालं, स्वास्थ्य मात्र टिकलं नाही. उतारवयात मन खचलं, रेडिओनं धंद्यावर घाला घातला आणि 1926 च्या अखेरीस त्यानं कंपनी विकायचं ठरवलं. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या या माणसानं 1929 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला वैद्यकीय भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी मोठी देणगी दिली. 1945 साली तो वारला.

पुढं विजेच्या मोटरी आल्या. त्यांची थरथर तबकडीपर्यंत पोचू नये म्हणून कुणी मोटर रबरावर तोलली, कुणी तबकडी रबरी पट्ट्यानं फिरवली. युक्त्या बदलल्या, भांडण तेच राहिलं. कापूरहोळचं घोंगडंही त्यातलंच. घरातल्या पावलांची थरथर ते आपल्या अंगावर घेत होतं.

काही माणसांचं काम कळून न येण्यातच असतं. जॉन्सनची मोटर चांगली चालली, की ऐकू येत नसे. ऐकू येत ते बालगंधर्व. त्याचं नाव विसरलं गेलं, यात अन्याय आहे खरा. पण शाळेनं नापास ठरवलेल्या त्या पोरानं घेतलेली परीक्षाच अशी होती, की उत्तीर्ण होणं म्हणजे नाहीसं होणं.