सुगरणीच्या झाडाखालचा माणूस : डॉ. सलीम अली

पक्ष्यांची नावं सांगा म्हटलं तर आपल्यातल्या बहुतेकांची गाडी कावळा, चिमणी, कबूतर, फार तर पोपट, इथेच थांबते. ज्यांनी अख्ख्या देशाला पक्षी ओळखायला शिकवलं, त्या डॉ. सलीम अलींची सुरुवातही एका चिमणीपासूनच झाली. तीही एअरगनने मारलेल्या!

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले, म्हणून ते खेतवाडीत मामांकडे वाढले. एकदा त्यांनी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सेक्रेटरी मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा सगळा संग्रह दाखवला. आयुष्याची दिशा तिथे ठरली.

वाट मात्र सरळ नव्हती. ब्रह्मदेशातल्या धंद्यात जम बसला नाही. पुढे मुंबईच्या म्युझियममध्ये गाइडची नोकरी मिळाली. रजा घेऊन जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून १९३० मध्ये ते परतले, तर निधी नाही म्हणून ती जागाच रद्द झालेली! हातात पदवी नाही, नोकरी नाही. पत्नी तेहमिनांसह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले.

तिथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी नसल्यामुळे वेळच वेळ! ते रोज बघत बसले आणि नोंदी करत गेले. आपण नाव ‘सुगरण’ ठेवलं, पण घरटं विणतो नर. अर्धं बांधून झालं की मादी येऊन तपासते. तिला पसंत पडलं तरच तो पुढचं काम करतो, आणि ते संपलं की दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं सुरू! म्हणजे इन्स्पेक्शन पास झाल्याशिवाय पुढचं बांधकाम नाही. १९३१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांचं नाव झालं.

१९३९ मध्ये तेहमिना गेल्या, पण काम थांबलं नाही. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. पुढे रिप्ले यांच्यासोबत दहा खंडांचा ग्रंथ झाला. भरतपूरचं पाणथळ वाचवायला ते झटले. केरळच्या सायलेंट व्हॅलीतल्या जलविद्युत धरणालाही त्यांनी विरोध केला. तो प्रकल्प १९८३ मध्ये सोडून देण्यात आला. १९८७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, ते गेले.

मित्रांनो, उद्या धरणं आणि रस्ते आपणच बांधणार आहोत. साइटवर टेप धरण्याआधी तिथल्या झाडावर कोण राहतं, एवढं तरी बघायला हवं. त्याची प्रॅक्टिस हॉस्टेलच्या खिडकीतूनही करता येते. सलीम अलींनी ती घराशेजारच्या झाडाखाली केली होती.