मातीच्या बाहुल्या आणि एक डॉक्टर

मे महिन्यात घनसावंगीत दुपारी अकरानंतर घराबाहेर पडण्याची सोय नसते. नातवंडे सुट्टीला आली की पहिले चार दिवस आंब्यांत जातात, एक दिवस जांब समर्थला समर्थ रामदासांच्या जन्मस्थळी जातो, आणि सहाव्या दिवशी पोरे पंख्याखाली लोळत पुढे काय, असे विचारू लागतात. २०१८ च्या मे महिन्यात त्यांनी मुंबईचा हट्ट धरला. राणीच्या बागेत पेंग्विन आले होते आणि ते पाहिल्याखेरीज शाळेत तोंड दाखवता येणार नाही, असा एकंदर सूर होता. मी गुपचूप माझी यादी केली. फोर्टातले शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जवळची आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी, जहांगीर. शिवाय राणीच्या बागेच्या आवारातच उभे असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, एवढे मात्र जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पेंग्विनांसाठी रांग मोठी होती. ते बघून झाल्यावर उन्हाने कावलेली पोरे सावली म्हणून संग्रहालयात शिरली आणि दोन तास बाहेर पडेनात. आत लोखंडी खांब, त्यांवर सोनेरी नक्षी, पायाखाली रंगीत फरश्या. पण पोरे रेंगाळली ती कपाटांतल्या हातभर उंचीच्या मातीच्या माणसांपाशी. जातीजातींची, धंद्याधंद्यांची माणसे, कुणाची पगडी वेगळी, कुणाच्या धोतराची नेसण वेगळी. आमच्याकडे पोळ्याला मातीचे बैल घरोघरी येतात, त्यामुळे मातीची वस्तू ही या मुलांच्या ओळखीची. धाकट्याने विचारले, आजोबा, ज्यांचे नाव बाहेर लिहिलेय त्यांनीच ही केली का?

नाही म्हणालो. ही चित्रे भाऊंच्या नंतरची, बरीचशी विसाव्या शतकाच्या आरंभीची. पण पोराचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. भाऊ दाजींचे वडील मातीच्या बाहुल्या करून विकत.

रामचंद्र विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. जन्म एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला, गोव्यातला. पोटापाण्यासाठी कुटुंब मुंबईला आले. मुलगा बुद्धिबळात असा तयार की त्याची कीर्ती गव्हर्नरापर्यंत गेली आणि या मुलाला इंग्रजी शिकवा, असे त्याने वडिलांना सुचवले, असे सांगतात. एल्फिन्स्टन संस्थेत तो शिकला आणि पुढे तिथेच शिकवू लागला. काठेवाड आणि कच्छमध्ये मुलींना जन्मतःच मारण्याच्या चालीवर निबंध लिहून त्याने बक्षीस मिळवले. मग नोकरी सोडून नव्याने निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात नाव घातले. १८५१ साली तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. धाकटे भाऊ नारायण दाजीही डॉक्टर झाले. दोघांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

यानंतरच्या वीस वर्षांत या माणसाने काय काय केले, हे वाचताना धाप लागते. १८५२ साली निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस. मुलींच्या शाळांना त्यांचा आधार, विधवाविवाहाला पाठिंबा. मुंबईचे शेरीफपद त्यांना १८६९ आणि १८७१ असे दोनदा मिळाले. रोग्यांची रीघ संपली की रात्री ताम्रपट आणि शिलालेख. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांनी त्यांचे ऋण मानावे ते इथे. अजिंठा आपल्याकडचा, पण तिथल्या भिंतींवर काय कोरले आहे, ते कुणाच्या काळात, हे आपल्या वाडवडिलांपैकी किती जणांना ठाऊक होते? भाऊंनी तिथल्या लेखांचे ठसे घेतले, ते वाचले आणि वाकाटकांचे नाव त्यांतून पुढे आले. गिरनारच्या खडकावरचा रुद्रदामनाचा लेखही त्यांनी अभ्यासला. कालिदास आणि काश्मीरचा मातृगुप्त एकच, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. पण ज्याची सगळीच मते टिकतात, त्याने बहुधा फारशी मांडलेली नसतात.

१८६२ च्या महाराज खटल्यातली त्यांची साक्ष मला अस्वस्थ करते. करसनदास मुळजींनी वल्लभ संप्रदायातल्या एका महाराजांच्या वर्तनावर आपल्या पत्रातून लिहिले. महाराजांनी बदनामीचा दावा लावला. या महाराजांवर भाऊंनी स्वतः उपचार केले होते. रोग कोणता, हे विचारायला कोर्टाने डॉक्टरला पिंजऱ्यात उभे केले आणि भाऊंनी खरे ते सांगितले. धनवान भक्तांचा रोष पत्करून हे करायला छाती लागते. पण वैद्याने रोग्याचे गुपित पोटात ठेवावे, हाही धर्मच. त्या दिवशी त्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना मी कादंबरीकार म्हणून अनेकदा केली आणि दर वेळी अर्ध्यावर सोडली. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

त्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १८६२ रोजी, या संग्रहालयाची कोनशिला बसली. त्याआधी वस्तू जमवून फोर्टातल्या एका बराकीत मांडल्या होत्या, पण १८५७ च्या धामधुमीत लष्कराला बराक हवी झाली आणि वस्तूंची दैना उडाली. जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ दाजी या दोघा डॉक्टरांनी ते काम पुन्हा उभे करायचे ठरवले. जगन्नाथ शंकरशेटांसारखे लोक पाठीशी होते. लोकांकडून वर्गणी, सरकारकडून मदत, असा बेत होता.

इथे मी बँकेतला माणूस म्हणून जरा थांबतो. अमेरिकेत १८६१ साली यादवी सुरू झाली आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला. इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. रोज नव्या कंपन्या निघू लागल्या, बॅक बे भरून जमीन करणाऱ्या कंपनीच्या शेअरांवर तर उड्या पडल्या. शेअरचा कागद गहाण ठेवून कर्ज, त्या कर्जातून आणखी शेअर, आणि तो कागद पुन्हा गहाण. तारणाचा भाव आणि कर्ज एकाच फुग्यात भरलेले असले की काय होते, हे सांगायला बँकेची परीक्षा द्यावी लागत नाही. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस कोसळला आणि १ जुलैला देण्याघेण्याचे हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा अर्धी मुंबई दिवाळखोरीच्या दारात उभी होती. बँक ऑफ बॉम्बेसारखी बँक पुढे गुंडाळावी लागली.

त्यात भाऊ दाजींची सारी मिळकत गेली. दोन हजार वर्षांपूर्वीचे अक्षर ओळखणाऱ्या माणसाला आजच्या कागदाची किंमत कळली नाही, असे म्हणून लोक हसले असतील. मी हसत नाही. नोकरीत असताना माझ्या टेबलासमोर शहाणीसुरती माणसे बसलेली मी पाहिली आहेत. शेजाऱ्याचा पैसा वर्षात दुप्पट झालेला डोळ्यांनी दिसत असताना थांबणारा माणूस मला तिथे क्वचितच भेटला.

संग्रहालयाचा पैसाही आटला. भिंती अर्धवट राहिल्या, शेवटी सरकारने काम पुरे केले आणि २ मे १८७२ रोजी इमारत लोकांना खुली झाली. नाव मिळाले व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे. भाऊ तेव्हा कफल्लक होते, पण शिलालेख आणि रोगी दोन्ही सुटले नव्हते.

महारोगावर ते अनेक वर्षे प्रयोग करीत होते. कडू कवठाच्या बियांचे तेल ते रोग्यांना देत. गुण येतो आहे अशी वार्ता पसरली आणि औषध उघड करा म्हणून लोक मागे लागले. प्रयोग पुरे झाल्याशिवाय सांगणार नाही, असा त्यांचा बाणा होता, त्यावरून टीकाही सोसली. माझ्या मते इथे ते चुकले. ज्या रोगाने माणसाला जिवंतपणी गावाबाहेर टाकले जाई, त्याचे औषध वहीत ठेवण्याइतका वेळ कुणालाच नसतो. त्यांनाही तो मिळाला नाही. अर्धांगाने त्यांना गाठले आणि ३१ मे १८७४ रोजी ते गेले. वय पन्नासच्या आसपास. त्याच जातीच्या झाडांच्या बियांचे तेल पुढे जगभर महारोगावर वापरात आले आणि १९४० च्या दशकात नवी औषधे निघेपर्यंत टिकले.

संग्रहालयाला त्यांचे नाव मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. मग इमारतीचीही रया गेली. पाच वर्षे डागडुजी करून महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी २००८ मध्ये ती पुन्हा खुली केली. तेव्हापासून जुन्या वस्तूंच्या शेजारी आजच्या चित्रकारांची प्रदर्शनेही तिथे भरतात. पोरांना ती कळली नाहीत, मलाही सगळी कळली असे नाही.

परतताना गाडीत धाकटा बराच वेळ गप्प होता. मनमाड गेल्यावर म्हणाला, आजोबा, त्यांच्या बाबांनी केलेली एक तरी बाहुली तिथे ठेवायला पाहिजे होती. मी म्हटले, ती मुंबईतल्या पोरांनी खेळून केव्हाच फोडली असेल. त्यावर तो हसला, आणि यंदा पोळ्याचा बैल आपणच करायचा, माती कुठली चालेल, असे विचारू लागला. नाल्याकाठची काळी चालेल, म्हणालो, पण आधी चाळून घ्यायला हवी.