डॉ. भाऊ दाजी लाड

गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले भाऊ दाजी शिक्षणासाठी मुंबईस आले आणि १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. गोरगरिबांस ते विनामूल्य औषध देत. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. या नव्या, खर्चिक कलेच्या ओढीने तेही तिचे सभासद झाले.

पुढे सरकारने वस्त्रे, भांडी, कोरीवकाम अशा देशी कारागिरीचा संग्रह मांडला. पण १८५७ च्या धामधुमीत सैनिकांस जागा हवी म्हणून तो बराकीबाहेर फेकला गेला! विणकरांची मेहनत धुळीस मिळाली. भाऊ स्वस्थ बसले नाहीत. जगन्नाथ शंकरशेट व बर्डवुड साहेब यांच्या जोडीने चिटणीस या नात्याने त्यांनी वर्गणी जमविली.

अखेर १८७२ मध्ये राणीच्या बागेत नवे संग्रहालय उघडले. दोनच वर्षांनी भाऊ निवर्तले. १९७५ पासून त्या वास्तूस त्यांचे नाव आहे.