योगाने कॉर्टिसॉल कमी होतं? हा प्रश्न पडलाय तर स्वामी कुवलयानंदांची गोष्ट वाचाच!

कांदिवलीहून गर्दीची लोकल, दिवसभर टार्गेट आणि रात्री डोळ्याला डोळा नाही. मग मोबाइल उघडला की रील येतं : तुमचं कॉर्टिसॉल वाढलंय, ही पाच आसनं करा!

खरंच असं होतं का? योगाला असे प्रश्न प्रयोगशाळेत विचारणारा एक मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी गुजरातमधल्या डभोईचा. आईवडील लवकर गेले. शिष्यवृत्तीच्या जोरावर ते बडोद्यात शिकले. तिथेच राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावलं. पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षणाचं काम केलं. नर्मदाकाठच्या माधवदास महाराजांकडे ते योग शिकले आणि पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागलं.

गुरूंवर श्रद्धा होती, पण फक्त श्रद्धेवर ते थांबले नाहीत. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बडोद्याच्या हॉस्पिटलमध्ये उड्डियान आणि नौली या क्रियांचा एक्स-रेच्या मदतीने अभ्यास केला. नौली करताना आतड्यात हवेचा दाब कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. त्याला नाव दिलं गुरूंचं.

1924 साली लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं. सोबत ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिकही काढलं. सर्वांगासन, शीर्षासन करताना रक्तदाब किती होतो, हे तिथे यंत्र लावून तपासलं जाई. प्राणायामाने शरीराला भरपूर जास्त ऑक्सिजन मिळतो, ही समजूत तेव्हाही होती. त्यांच्या मोजमापात ती टिकली नाही. योगाचेच प्रचारक असूनही त्यांनी ते छापलं.

1927 मध्ये गांधीजींचा रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता.

1936 साली मुंबईत मरीन ड्राइव्हला कैवल्यधामचं आरोग्यकेंद्र उभं राहिलं. चर्नी रोड स्टेशनजवळचं हे केंद्र आजही आहे. योगायोग बघा, त्याच वर्षी हान्स सेली या शास्त्रज्ञाने ताणाला शरीर कसं उत्तर देतं, यावरचा आपला गाजलेला शोध प्रसिद्ध केला. कॉर्टिसॉलही त्याच दशकात शास्त्रज्ञांच्या हाती लागलं.

मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अॅड्रिनल ग्रंथी हे हार्मोन तयार करतात. सकाळी ते जास्त असतं, रात्री कमी. म्हणजे ते आपलं शत्रू नाही, त्याच्याशिवाय जगताच येणार नाही. आसनांचा ग्रंथींवर परिणाम होतो, असं कुवलयानंदांना वाटत होतं. पण रक्तातली हार्मोन्स नेमकी मोजण्याची सोय तेव्हा त्यांच्याकडे नव्हती. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांचं निधन झालं.

आज ती सोय आहे. योगाने कॉर्टिसॉल घटल्याचं काही अभ्यासांत दिसलं, काहींत फारसा फरक दिसला नाही. ताण हलका होणं, झोप सुधारणं यासाठी मात्र योग, नियमित चालणं, वेळेवर जेवण यांचा अनेकांना उपयोग होतो.

पण कुशिंग सिंड्रोममध्ये कॉर्टिसॉल खरोखरच वाढलेलं असतं, तर अॅडिसनच्या आजारात ते फार कमी पडतं. असे आजार आसनांनी बरे होत नाहीत. विनाकारण वजन वाढणं किंवा घटणं, सतत अशक्तपणा, चक्कर, पोटावर जांभळे पट्टे असं काही दिसलं तर एंडोक्रिनोलॉजिस्टला दाखवा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर रील बघून त्या अचानक बंद करू नका, जिवावर बेतू शकतं.

योग करा, औषधंही घ्या आणि तपासणीही करा. कुणी कॉर्टिसॉल कमी करायचा हुकमी उपाय सांगितला, तर कुवलयानंदांनी विचारला असता तो प्रश्न विचारा : हे मोजलं कुणी आणि कसं?